कॅन्सरचं ‘मुंबईचं इंजेक्शन’ : कुणासाठी आहे, कुणासाठी नाही?



मागच्या महिन्यात अहमदपूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. जावेच्या स्तनात गाठ आहे. मोबाईलवर मेसेज आला होता, “मुंबईत इंजेक्शन निघालंय, एकदा घेतलं की कॅन्सर बरा.” असा उपचार खरंच आहे. पण तो कुणासाठी, हे कर्ज काढायच्या आधी समजून घेऊ.

त्याचं नाव नेक्सकार-१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तो विकसित केला. जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला प्रयोग म्हणून दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली.

तो काम कसा करतो? आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शेतातला जागल्या. रोगट पेशी दिसली की ती मारायची, हे त्यांचं काम. पण कॅन्सरची पेशी आपल्याच अंगातली. जागल्याला ती घरचीच वाटते, म्हणून तो तिला सोडून देतो. या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालतात. त्यामुळे त्यांना ‘सीडी-१९’ नावाची खूण ओळखता येते. मग त्या वाढवून सलाईनसारख्या परत शिरेतून सोडतात. खूण दिसली की त्या पेशी मारतात.

ही खूण रक्तातल्या बी-पेशींवर असते. म्हणून हा उपचार बी-पेशींच्या काही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठीच आहे. तोही आधीच्या उपचारानं गुण आला नाही किंवा आजार उलटला, तर. चांगल्या बी-पेशीही मरतात, जोराचा ताप येतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. चाचणीत दहापैकी साधारण सात जणांना गुण आला, सगळ्यांना नाही. परदेशापेक्षा स्वस्त असला, तरी खर्च लाखोंत आहे.

स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर ही खूण नसते. तिथे हे इंजेक्शन चालत नाही. त्या गाठीसाठी ऑपरेशन, केमो आणि शेक असे उपचार आहेत, अन् लवकर गेलं तर ते चांगले लागू पडतात.

त्या ताईंना आम्ही कर्जाआधी जावेला लातूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं. नांदेडच्या मैत्रिणींनी तिथल्या शासकीय रुग्णालयात जावं. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

पुढच्या बैठकीत विचारा : आपल्यापैकी कुणी गाठ लपवून बसली आहे का? गाठ दुखत नसली तरी दाखवायची.