जुन्या भिंतीला कोणता रंग?

प्रश्न : मंठाळला आमचं जुनं दगडी घर आहे, भिंतींना चुन्याचा गिलावा. गेल्या वर्षी प्लॅस्टिक पेंट दिला. पावसाळ्यानंतर खालून पोपडे सुटले. आता कोणता रंग द्यावा?

उत्तर : पुन्हा प्लॅस्टिक किंवा ऑइल पेंट मुळीच नको. अशा भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि गिलाव्यातून बाहेर सोडतात. पेंटचा पापुद्रा ती वाट अडवतो. मागे क्षार साचून लोणा धरतो, पोपडे सुटतात. रंग पूर्ण खरवडा, भिंत उन्हाळाभर वाळू द्या. जोत्याशी पाणी साचत असेल तर आधी तो बंदोबस्त. मग भिंतीवर पाणी शिंपडून विरवलेल्या, गाळलेल्या चुन्याचे तीन पातळ हात द्या. छटा हवी तर पिवडी किंवा गेरू मिसळा. काम करताना डोळे मात्र जपा, चुना दाहक असतो.