घरापुढील शोभिवंत काँक्रीट अंगण : आखणी व बांधणी

शेतकऱ्याच्या घरी अंगणाचे उपयोग अनेक असतात. धान्य वाळविणे, शेंगा फोडणे, पाहुण्यांची बैठक घालणे, सणावाराला रांगोळी काढणे ही सर्व कामे तेथेच होतात. सारवलेले अंगण उघडिपीत उत्तम असते. परंतु पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. म्हणून अनेक कुटुंबे रंगीत काठाचे व आखीव रेषांचे काँक्रीट अंगण करू इच्छितात. मात्र पुष्कळदा रंगावर खर्च होतो आणि पायाकडे व पाण्याकडे दुर्लक्ष होते. मग एकदोन पावसाळ्यांतच तडे पडतात, रंगाचे पोपडे निघतात आणि सिमेंटचा पैसा मातीत जातो. काँक्रीटची शोभा भरावावर, उतारावर व पाणी मारण्यावर अवलंबून असते. रंग हा केवळ शेवटचा हात होय.

आखणी

समजा, 4 मीटर लांब व 3 मीटर रुंद अंगण करावयाचे आहे. प्रथम खुंट्या ठोकून दोरीने कडा आखाव्यात. उतार घरापासून बाहेरच्या बाजूस, दर मीटरला 2 सेंटीमीटर ठेवावा. घर रुंदीच्या एका टोकास असेल, तर 3 मीटरमध्ये 6 सेंटीमीटर उतार पडेल. वाहून जाणारे पाणी परसातील केळी-अळूकडे वळवावे. गोठ्याकडे वळवू नये. झाडांच्या बुंध्याभोवतीची जमीन मोकळी ठेवावी.

अंगणाचे 2 मीटर लांब व दीड मीटर रुंद असे चार समान भाग पाडावेत. काँक्रीट सुकताना आकसते. सांधे ठेवले नाहीत, तर ते आपल्या मनाप्रमाणे तडकते. हेच सांधे सरळ व रेखीव ठेवले, म्हणजे त्यांचीच नक्षी होते.

पाया

काळी माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. तिच्यावर थेट घातलेले काँक्रीट टिकत नाही. अशा ठिकाणी 30 ते 45 सेंटीमीटर माती काढून मुरूम भरावा. भराव 15 सेंटीमीटरच्या थरांनी करावा व प्रत्येक थर पाणी शिंपून धुमसाने ठोकावा. काळी माती फार खोल असल्यास ती सर्व काढता येत नाही. तेथे कडेने चर काढून पाणी भरावात मुरू न देणे हाच उपाय होय. घराची भिंत व अंगण यांच्यामध्ये डांबरी कागदाची पट्टी उभी ठेवावी, म्हणजे एकाच्या हालचालीने दुसऱ्यास तडा जाणार नाही.

साहित्याचे प्रमाण

काँक्रीटची जाडी 10 सेंटीमीटर धरावी. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग 20 मिलिमीटरपर्यंतची खडी हे प्रमाण घ्यावे. या अंगणास 50 किलोच्या सुमारे 8 गोण्या सिमेंट, अर्धा घनमीटरहून थोडी अधिक वाळू व सुमारे 1 घनमीटर खडी लागेल. माप घमेल्याने अंदाजे घेऊ नये. आतून 40 सेंटीमीटर लांब, 35 सेंटीमीटर रुंद व 25 सेंटीमीटर खोल अशी लाकडी पेटी करावी. तिच्यात एका गोणीइतकेच, म्हणजे 35 लिटर साहित्य मावते. प्रत्येक गोणीस दोन पेट्या वाळू व चार पेट्या खडी घालावी.

पाणी गोणीमागे सुमारे 27 लिटर पुरते. वाळू ओली असल्यास त्याहून कमी घ्यावे. काम सोपे जावे म्हणून पाणी वाढविल्यास काँक्रीट दुबळे होते.

काँक्रीट घालणे व रंगीत काठ

पहिल्या दिवशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन भाग भरावेत व उरलेले दोन दुसऱ्या दिवशी. सांध्यात डांबरी कागद ठेवावा. पृष्ठभाग लाकडी पट्टीने सारखा करावा. वर आलेले पाणी सुकविण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरू नये. पोपडे निघण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

बाहेरच्या कडेने 30 सेंटीमीटर रुंदीचा काठ रंगीत करावयाचा असल्यास तेवढा भाग 1 सेंटीमीटर खोल ठेवावा. एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक वाळू यांत लोह-ऑक्साइडचा तांबडा रंग मिसळावा. रंग सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा. या काठास सुमारे 20 किलो सिमेंट व 2 किलो रंग पुरेल. दोन्ही दिवसांचे सिमेंट व रंग वजन करून, एकदमच कोरडे कालवून बंद पिशवीत ठेवावेत. त्यामुळे छटा बदलत नाही. कपड्याचा अथवा रंगपंचमीचा रंग वापरू नये. सिमेंटच्या चुन्याने तो उडतो. खालचे काँक्रीट ओले असतानाच हा थर द्यावा. काठ लोखंडी थापीने गुळगुळीत घोटू नये; ओल्या अंगणात वृद्ध माणसे व गुरे घसरतात. लाकडी रंध्याची फिरवण पुरे. मधल्या भागावर झाडूने उताराच्या दिशेने हलक्या रेषा ओढाव्यात.

पाणी मारणे

दुसऱ्या दिवसापासून किमान 10 दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवावा. धुतलेली स्वच्छ गोणपाटे पसरून ती भिजती ठेवणे सोयीचे असते. एक दिवस भिजवून दुसऱ्या दिवशी कोरडे ठेवल्यास बारीक भेगा पडतात. म्हणून हे काम कडक उन्हाळ्यात न करता पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुमारास करावे.

दक्षता

ओल्या सिमेंटने कातडी भाजते. अनवाणी पायांनी काँक्रीट तुडवू नये. रबरी बूट व हातमोजे वापरावेत. अंगावर सिमेंट उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम सुरू होण्यापूर्वी गवंड्याकडून एका हाताच्या चौरसाचा नमुना करवून घ्यावा. ओला रंग वाळल्यावर फिका पडतो. नमुना आठवडाभर पाहून मगच कुटुंबाने रंग ठरवावा. एवढी तयारी आधी केली, तर घातलेले सिमेंट वाया जाणार नाही व अंगणाची शोभा अनेक वर्षे टिकेल.