पंचांचे डोळे आणि दहा यार्डांची साखळी

क्रिकेटच्या सामन्यात फलंदाज चोरटी धाव घेऊ लागले की पंच काय करतो, हे तुम्ही पाहिले आहे काय? तो लगबगीने बाजूला सरकतो आणि क्रीजच्या अगदी रेषेत येऊन उभा राहतो. तो चार पावले मागे किंवा पुढे उभा राहिला तर काय बिघडेल? या साध्या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका दूरदेशीच्या खेळाच्या मदतीने शोधू या. तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल.

नाव फुटबॉल असले तरी हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. चेंडू लंबगोल, सुमारे २८ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि तो बहुतेक वेळ हातात धरून पळवला जातो किंवा फेकला जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. मैदानाच्या दोन गोलरेषांमध्ये १०० यार्ड, म्हणजे ९१.४४ मीटर अंतर असते. रुंदी सुमारे ४८.८ मीटर असते. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे जावे लागते. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड पुरे झाले तर पुन्हा चार डाऊन मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

एक डाऊन जेमतेम काही सेकंद चालतो. पण तेवढ्यात बावीस खेळाडू एकाच वेळी धावतात, एकमेकांना अडवतात, ढकलतात आणि पाडतात. व्यावसायिक सामन्यांत १९७८ पासून मैदानावर सात पंच असतात आणि त्यांच्या मदतीला अनेक कॅमेरे असतात. अमेरिकेतील शाळांच्या सामन्यांत मात्र बहुधा पाचच पंच असतात. लहान मुलांच्या सामन्यांत तर चार किंवा तीनच. हे पंच दिवसा शिक्षक, कारकून किंवा दुकानदार असतात आणि संध्याकाळी थोड्याशा मानधनावर शिट्टी गळ्यात अडकवतात. पुन्हा पाहण्यासाठी चित्रफीत त्यांच्याजवळ सहसा नसते. जे काही पाहायचे ते एकदाच, आणि स्वतःच्या डोळ्यांनी!

सर्वांनी चेंडू पाहू नये

प्रेक्षक चेंडू पाहतात. पाचही पंच चेंडूच पाहू लागले तर इतरत्र होणारे नियमभंग कोणालाच दिसणार नाहीत. म्हणून मैदान वाटून घेतलेले असते. पांढरी टोपी घातलेला मुख्य पंच, म्हणजे रेफरी, चेंडू असलेल्या संघाच्या मागे उभा राहतो. अंपायर बचाव करणाऱ्या फळीच्या मागे राहून आघाडीच्या खेळाडूंचे हात पाहतो. लाइन्समन आणि लाइन जज दोन्ही कडांवर असतात आणि बॅक जज खूप मागे, सर्व खेळाडूंच्या पलीकडे असतो.

ही वाटणी का लागते, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून समजते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. पांढऱ्या सदऱ्यांतील खेळाडू एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकतात, ते मोजायला सांगितले. मोजणी चालू असताना गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती चक्क खेळाडूंच्या मधून चालत गेली. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता, लक्ष दुसरीकडे होते. डोळ्यांसमोर असलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला ‘दिसते’ असे नाही.

शिट्टीचा उशीर

काही पाहिल्यावर त्याला प्रतिसाद द्यायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्या वेळात तो ८ × ०.२ = १.६ मीटर पुढे जातो. मग शिट्टी वाजली तेथेच चेंडू ठेवायचा असे केले तर दर वेळी चूक होईल.

म्हणून नियमाची रचना मोठी शहाणपणाची आहे. धावणाऱ्याचा हात किंवा पाऊल सोडून शरीराचा दुसरा कोणताही भाग जमिनीला लागला की त्याच क्षणी डाऊन संपतो. शिट्टी फक्त ते जाहीर करते. पंच गुडघा टेकल्याची जागा नजरेत धरून ठेवतो आणि मग शांतपणे शिट्टी वाजवतो. शिट्टीला उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. पण घाईने, चेंडू कोठे आहे हे न पाहता ती वाजली, तर खेळ तेथेच थांबतो आणि एखाद्या संघाचे हक्काचे यार्ड बुडतात. म्हणून नव्या पंचांना पहिला धडा हाच देतात: चेंडू दिसल्याशिवाय शिट्टी नाही.

नियमभंग झाला तर मात्र शिट्टी वाजत नाही, पिवळा रुमाल टाकला जातो. खेळ चालू राहतो आणि निर्णय नंतर होतो. पूर्वी यासाठी भोंगा वाजवत, पण गर्दीच्या गोंगाटात तो ऐकू येत नसे. १९४१ साली यंगस्टाऊन येथील प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी रुमालाची कल्पना काढली आणि त्यांच्या पत्नी इर्मा यांनी तो शिवून दिला. ध्वनीऐवजी प्रकाशाकडे काम सोपवले म्हणा ना!

रेषेत उभे राहण्याचे गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. चेंडू गोलरेषेवर पोहोचला तर सहा गुण मिळतात. समजा, कडेवरचा पंच धावत येताना मागे पडला आणि गोलरेषेच्या २ मीटर अलीकडे राहिला. त्याचे डोळे जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर आहेत. खेळाडू त्याच्यापासून मैदानात २० मीटर आत आहे आणि वाकलेल्या अवस्थेत त्याने चेंडू ०.८ मीटर उंचीवर धरला आहे.

पंचाच्या डोळ्यांपासून चेंडूकडे एक सरळ रेषा काढा. २० मीटर अंतरात ही रेषा १.६ वरून ०.८ मीटरवर उतरली. तेव्हा आणखी २० मीटर गेल्यावर ती जमिनीला टेकेल. म्हणजे पंचाला चेंडू दिसतो तो ४० मीटर दूर असलेल्या जमिनीच्या पार्श्वभूमीवर. आता चेंडू खरोखर गोलरेषेच्या १ मीटर अलीकडे आहे असे धरा. पंच २ मीटर अलीकडे, चेंडू १ मीटर अलीकडे. तेवढेच अंतर पुन्हा गेल्यावर दृष्टिरेषा नेमकी गोलरेषेवर टेकते! चेंडू एक मीटर मागे असूनही पंचाला तो रेषेवर दिसणार. हा पराशयाचा दोष होय. पट्टीवरचे माप तिरकस वाचल्यावर होणारी चूक ती हीच.

पंच गोलरेषेवरच उभा असेल तर? मग त्याचा डोळा, रेषा आणि तिच्यावरचा चेंडू एकाच उभ्या प्रतलात येतात आणि दोष शून्य होतो. म्हणून चांगला पंच खेळाडूच्या मागे न धावता त्याच्या आधी रेषेवर पोहोचण्याची धडपड करतो.

साखळी किती खरी?

दहा यार्ड पुरे झाले की नाही अशी शंका आली तर दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी मैदानात आणतात. ताणून धरल्यावर चेंडूचे टोक बोटभर मागे राहिले तरी चेंडू जातो. सारे श्वास रोखून पाहतात. पण विचार करा: साखळीचे माप सेंटिमीटरपर्यंत काटेकोर असले, तरी चेंडू त्या जागी ठेवला तो एका माणसाने, नजरेने, खेळाडूंच्या ढिगाऱ्यातून अंदाज घेऊन. त्यात वीतभर चूक सहज होऊ शकते. मापनातील सर्वांत दुबळा दुवा जेवढा खरा, तेवढेच उत्तर खरे. प्रयोगशाळेत काटा ढोबळपणे वाचून उत्तर मात्र दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहिणाऱ्यांनी ही साखळी आठवावी.

प्रेक्षकांचे डोळे

नोव्हेंबर १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयीन संघांत अतिशय दांडगाईचा सामना झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच चित्रफीत दाखवली आणि दिसलेले नियमभंग नोंदवायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाचे ९.८! हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. कोणी खोटे बोलत होते असे नव्हे, आपलेपणाने नजरच बदलली होती. कडेवरून पंचावर ओरडणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर वाचावेत.

खरी जबाबदारी

पंचाचे काम केवळ गुण मोजण्याचे नाही. जोराच्या धडकेत कवटी एकदम थांबते, पण आतला मेंदू जडत्वामुळे पुढे जात राहतो आणि त्याला इजा होते. शिरस्त्राण कवटीचे रक्षण करते, मेंदूची ही हालचाल ते थांबवू शकत नाही. डोके पुढे करून धडक देण्यावर १९७६ साली शालेय व महाविद्यालयीन खेळात बंदी आली आणि त्यानंतर मानेच्या गंभीर दुखापती स्पष्टपणे कमी झाल्या. २०१० पासून शालेय नियमांनुसार, मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे दिसणाऱ्या खेळाडूला पंचाने बाहेर काढावेच लागते. आरोग्यतज्ज्ञाने परवानगी दिल्याशिवाय तो परत येऊ शकत नाही. झोकांड्या देणारा एक मुलगा वेळीच दिसणे हे दहा यार्डांहून फार मोठे आहे.

आणि तरीही ओरडा आणि अपमान सोसून अनेक पंच हे काम सोडून देतात. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत पंचांअभावी काही शालेय सामने शुक्रवारऐवजी दुसऱ्या दिवशी ठेवावे लागले आहेत. पंच जितके कमी, तितके मैदान न पाहिलेले राहते.

अनुभवी पंच नवोदितांना सांगतात: जे पाहिले नाही त्याचा निर्णय देऊ नका. ‘असे झाले असेल’ म्हणून रुमाल टाकायचा नाही. प्रयोगवहीत निरीक्षणे लिहितानाही हाच नियम पाळायचा असतो, नाही का?

करून पहा

शाळेच्या मैदानावर चुन्याने एक लांब सरळ रेषा आखा. एका मित्राला तुमच्यापासून वीस पावलांवर, रेषेच्या एक पाऊल अलीकडे, कमरेच्या उंचीवर चेंडू धरून उभे करा. प्रथम रेषेवर उभे राहून चेंडू कोठे दिसतो ते पहा. मग रेषेपासून दोन, तीन आणि चार पावले अलीकडे सरकून पुन्हा पहा. चेंडू रेषेपलीकडे गेल्याचा भास कोठून होऊ लागतो, याची नोंद करा आणि वरच्याप्रमाणे आकृती काढून उत्तर पडताळा.