पहिले वर्ष शिकण्याचे : परदेशी मिशनसेवेची तयारी आणि सुरुवात

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये १३:१–१३ आणि १४:२४–२८, लूक १०:१–९ आणि १४:२८–३०

पाठाचा हेतू : एक वर्षाच्या मिशनसेवेसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी जाण्याआधी काय तयारी करावी आणि पोहोचल्यावर सुरुवात कशी करावी, हे पवित्र शास्त्राच्या आणि आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासाच्या प्रकाशात समजून घेणे.



पदवीची परीक्षा संपली की नोकरीला लागण्याआधी एक वर्ष प्रभूच्या कामाला द्यावे, असा विचार आपल्या अभ्यासगटांतील अनेकांच्या मनात येतो. कोणाला नेपाळमधील शाळेत शिकवायचे असते, कोणाला पूर्व आफ्रिकेतील दवाखान्यात मदत करायची असते. हा विचार चांगला आहे. पण त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न विचारायला हवा : मी तिथे काय देणार, याआधी मी तिथे काय शिकणार? बारा महिने फार थोडे असतात. त्या थोड्या दिवसांत देणाऱ्याच्या तोऱ्यात वावरणारा माणूस यजमानांवर ओझे होतो. शिकणारा माणूस मात्र आशीर्वाद होतो. आजच्या पाठाचे सार एवढेच आहे.

१. पाचारण एकाला, पाठवणी मंडळीची

प्रेषितांची कृत्ये १३ व्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास आणि उपासना करीत असता पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल यांना वेगळे करण्यास सांगितले. मंडळीने पुन्हा उपास व प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना रवाना केले. दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हे दोघे काही न करता बसलेले नव्हते. ११ व्या अध्यायात आपण वाचतो की त्यांनी त्याच मंडळीत वर्षभर राहून पुष्कळ लोकांना शिकवले होते. दुसरी, ते स्वतःहून निघाले नाहीत, त्यांना पाठवण्यात आले.

म्हणून स्वतःला विचारा : मी उद्या गेलो तर माझ्या मंडळीत कोणते काम अडेल? रविवारच्या शाळेत, आजाऱ्यांच्या भेटीत, खुर्च्या लावण्यात माझी उणीव कोणाला भासेल का? गल्लीत न केलेली सेवा विमानात बसल्याने सुरू होत नाही. आपला विचार आधी पाळकांना आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांना सांगा. त्यांनी थांबायला सांगितले तर थांबण्याचे कारण शांतपणे ऐकून घ्या.

आणि घरी बोला. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जात असते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते असतात, धाकट्या भावंडाची फी असते. आईबाबांची काळजी म्हणजे अविश्वास नव्हे. ‘देवाने सांगितले आहे’ एवढे म्हणून तो विषय बंद करू नका. हप्ते कोण भरणार, घरी कोणी आजारी पडले तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्यासमोर बसून शोधा. त्यांचा आशीर्वाद मिळायला सहा महिने जास्त लागले, तर ते सहा महिने वाया जात नाहीत.

२. आधी बसून हिशेब

लूक १४ मध्ये प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि पाहणारे हसतात. हिशेब करणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे प्रभू म्हणत नाही.

वर्षाचा खर्च कागदावर मांडा : जाण्याचे आणि परतीचे तिकीट, व्हिसा, आरोग्यविमा, लसी, भाडे, जेवण, स्थानिक प्रवास, फोन. परत आल्यावर नोकरी मिळेपर्यंतच्या तीन महिन्यांचा खर्चही त्यातच धरा. तो हमखास विसरला जातो. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी प्रत्येक अंदाजपत्रकात ‘आकस्मिक खर्च’ असा एक रकाना ठेवतो. तोही ठेवा आणि त्यातले पैसे सहलीवर खर्च करू नका.

मंडळीने दिलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, पावत्या जपा आणि दर तीन महिन्यांनी देणाऱ्यांना हिशेब पाठवा. विधवेच्या दोन टोल्या ज्या दानपात्रात पडल्या, तेच पैसे आपल्या हातात आहेत, असे समजून वागा.

३. मुंबईतील १८१३ चे वर्ष

तयारी पूर्ण केली तरी पुढे काय होते, हे आपल्याच मराठी मंडळीच्या सुरुवातीच्या इतिहासात दिसते. त्या वेळी पाहुणे दुसरे होते आणि यजमान आपण होतो.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावात पाच तरुणांची परदेशी मिशनसेवेसाठी दीक्षा झाली : गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये स्थापन झालेले, म्हणजे जेमतेम दोन वर्षांचे होते. पैसे अपुरे होते; ते लोकांच्या देणग्यांतून उभे राहिले. त्याच महिन्यात पाचही जण दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले.

ठरवल्यासारखे जवळजवळ काहीच घडले नाही. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाले, त्यामुळे ब्रिटिश अमलातील भारतात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यातून निघून जाण्यास सांगितले. जडसन आणि राइस यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि ते या गटातून वेगळे झाले. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट हिचे मूल जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर तीही प्रभूमध्ये निजली. तिचे वय १९ होते.

हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत पोहोचले. तिथेही त्यांना इंग्लंडला धाडून देण्याचा हुकूम आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांचे मन त्यांच्याविषयी मऊ होते, पण त्यांचेही हात बांधलेले होते. वर्षाच्या अखेरीस दोघे गुपचूप कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना परत आणण्यात आले, आणि हॉल यांच्या कळकळीच्या विनवणीनंतर डिसेंबरात त्यांना तूर्त राहण्याची मुभा मिळाली. अशा रीतीने मुंबईतील त्यांचे पहिले वर्ष ‘उद्या इथे असू की नाही’ या टांगत्या प्रश्नात गेले.

त्या वर्षाचे फळ काय? एकही शाळा नाही, एकही पुस्तक नाही. पण त्या अनिश्चिततेत त्यांनी मराठी शिकायला घेतली होती. पुढचे सगळे त्या भाषेवर उभे राहिले. त्यांच्या मिशनची मराठी छपाई १८१७ मध्ये सुरू झाली. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली. १८२६ मध्ये त्यांचा मराठी नवा करार छापून झाला. १८३१ मध्ये अहमदनगरचे काम सुरू झाले आणि १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. हॉल यांनी यातले थोडेच पाहिले. नाशिकच्या दौऱ्यात बरोबरची बरीचशी औषधे आजाऱ्यांना देऊन परतत असताना २० मार्च १८२६ रोजी कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला.

पहिल्या वर्षाचे मोजमाप कामांच्या यादीने करू नये, हे यावरून शिकावे.

४. कायदा आणि सत्य

हॉल आणि नॉट यांचे गुपचूप जाणे योग्य होते का, यावर आपल्या गटात जरूर चर्चा करा. आज आपल्यासमोरही तोच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धार्मिक काम करणे नियमाविरुद्ध आहे. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून तिथे जाणे सोपे वाटते. पण नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील २६ वे कलम दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. तुमच्या निष्काळजीपणाची शिक्षा बहुधा तुम्हाला होणार नाही. तुम्ही परत याल आणि तिथल्या पाळकाला पोलीस चौकीत बसावे लागेल.

म्हणून जे काम व्हिसाच्या अर्जात लिहिले तेच काम करा. कोणालाही पैसे, नोकरी किंवा उपचार यांचे आमिष दाखवू नका. तिथल्या मंडळीने ‘इथे असे बोलू नका’ म्हटले की तो शब्द अंतिम माना.

पासपोर्टची मुदत पुरेशी शिल्लक आहे ना, ते पाहा. काही देश पोलीस पडताळणीचा दाखला मागतात. तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. पूर्व आफ्रिकेत केनिया किंवा युगांडाला जाणार असाल तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच घ्या. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. परत भारतात उतरतानाही तो दाखला दाखवावा लागतो.

५. पहिले तीन महिने

लूक १० मध्ये प्रभूने बहात्तर जणांना पाठवताना सांगितले की घरे बदलत फिरू नका आणि पुढ्यात वाढलेले खा. पाहुण्याने कसे वागावे, याचा हा धडा आहे. पोहोचल्यावर पहिले तीन महिने नवीन उपक्रम सुरू करू नका. रोज दोन तास भाषा शिका. लहान मुलांकडून शिका, ती चुका न लाजता दुरुस्त करतात. बाजारात एकाच दुकानात जा, म्हणजे ओळख वाढते. उपासनेत मागे बसा. कोणी विचारले तरच मत द्या. दररोज रात्री वहीत एक गोष्ट लिहा : आज मी कोणाकडून काय शिकलो?

याचा सराव घरूनच करता येतो. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी तरुणांना तर तो दारातच उपलब्ध आहे. या एका शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, इंग्रजी अशा किती भाषांत रविवारची उपासना होते! निघण्याआधी तीन महिने कन्नड उपासनेला जाऊन बसा. काही कळणार नाही, गाणे म्हणता येणार नाही, सगळे हसतील तेव्हा तुम्हाला हसू येणार नाही. शेवटी कोणी आजी येऊन ‘ऊटा आयता?’ म्हणून विचारतील, म्हणजे जेवण झाले का? परक्या माणसाला त्या दोन शब्दांनी किती आधार वाटतो, हे तिथे समजेल. मग परदेशात गेल्यावर तुम्हीही ते शब्द तिथल्या भाषेत आधी शिकाल.

सोशल मीडियाविषयी एक सूचना. गरीब मुलांसोबतचे आपले फोटो टाकू नका. त्यांच्या आईवडिलांची परवानगी घेतलेली नसते, आणि तशा फोटोत मुले नाही, तुम्हीच मोठे दिसता.

६. मध्येच परतावे लागले तर

योहान ऊर्फ मार्क पिर्गाहून यरुशलेमेला परत गेला. का गेला, ते शास्त्र सांगत नाही. त्याच्यावरून पुढे पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचा वाद झाला. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल त्याच मार्काला बोलावून घेतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. सॅम्युएल नॉटही आजारपणामुळे १८१५ मध्ये मायदेशी परतले. त्यामुळे मुंबईचे काम थांबले नाही.

परतणाऱ्याला मंडळीने नावे ठेवू नयेत. जाणाऱ्यानेही लाजेखातर आजार, एकटेपणा किंवा कोणी केलेला त्रास लपवू नये. निघण्याआधीच मंडळीतील एक विश्वासू व्यक्ती ठरवा, जिला दर आठवड्याला फोन करून खरे सांगता येईल. विशेषतः बहिणींनो, राहण्याची जागा सुरक्षित नसेल तर ‘सहन करणे हीच सेवा’ असे कोणी म्हटले तरी मानू नका. त्याच दिवशी कळवा.

७. परत येऊन सांगणे

१४ व्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा जिथून निघाले होते त्या अंत्युखियाला परत आले, मंडळीला जमवले आणि देवाने काय काय केले ते सांगितले. मग ते तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. हे शेवटचे वाक्य आपण घाईत वाचतो. परत आलेल्याचे काम भाषणाने संपत नाही. मंडळीत पुन्हा खुर्च्या लावायच्या असतात. परदेशात परका होऊन जो शिकला, त्याला आपल्या गल्लीतील परका माणूस आधी दिसला पाहिजे : बांधकामावर आलेले झारखंडचे कुटुंब, वसतिगृहातील मणिपूरची मुलगी. तो त्यांना दिसला तर ते वर्ष फळले.

चर्चेसाठी प्रश्न

१. मला जायचे आहे ते सेवेसाठी की सध्याच्या अडचणीपासून दूर जाण्यासाठी? हे मला खरे सांगेल असे कोण आहे?
२. हॉल आणि नॉट यांच्या जागी तुम्ही असता तर कोचीनला गेला असता का?
३. पहिल्या वर्षात दाखवण्यासारखे काहीच घडले नाही, तर आपली मंडळी त्या सेवेला काय म्हणेल?
४. या महिन्यात आपल्या शहरातील कोणत्या भाषेच्या लोकांकडे आपण शिकायला जाऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हाला पाठवतोस तिथे आमच्या आधी पोहोचलेला असतोस. आम्हाला ऐकणारे कान दे, चूक सुधारून घेणारी जीभ दे, आणि दुसऱ्याच्या घरी नम्रपणे जेवायला बसण्याची कृपा दे. ज्यांना आम्ही मागे ठेवून जातो त्यांना सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.