ग्रंथकारांची पहिली सभा

११ मे १८७८ रोजी सायंकाळी पुण्याच्या हिराबागेत सुमारे ५० गृहस्थ जमले होते. लेखनाचा व्यासंग हे त्यांचे परस्परांशी नाते; परंतु ग्रंथकारांच्या सभेस जाण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी एकावरही पूर्वी आलेला नव्हता. कारण अशी सभा मराठीत त्यापूर्वी कधी भरलीच नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी, ७ फेब्रुवारीस, 'ज्ञानप्रकाश' पत्रात एक आवाहन प्रसिद्ध झाले होते. ग्रंथकारांनी एकदा एकत्र यावे, ग्रंथांची वाढ कशी होईल याचा विचार करावा, असा त्याचा आशय होता. त्यावर दोघांची नावे होती. एक लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख, वय वर्षे ५४. दुसरे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वय ३६.

आज संमेलनाच्या मंडपात हजारो माणसे बसतात. त्यापुढे ५० ही संख्या मुलांना क्षुल्लक वाटेल. पण तो काळ ध्यानात घ्यावा. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघून अवघी ४६ वर्षे झाली होती. लिहिणारे थोडे, विकत घेऊन वाचणारे त्याहून थोडे. कित्येकांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले असतील, पण तोंडे पाहिली नसतील. मुंबईकरांना बोरघाट चढून येणारी आगगाडी १८६३ पासून मिळाली होती. साताऱ्याकडून येणाऱ्यास मात्र बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते. आणि ते दिवस वैशाखाचे! रानडे अध्यक्षस्थानी बसले, विचारविनिमय झाला आणि मंडळी आपापल्या गावी परतली.

दुसरी सभा भरण्यास सात वर्षे लागली. २४ मे १८८५ रोजी ती पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. या वेळी रानड्यांनी जोतीराव फुले यांनाही निमंत्रण धाडले. जोतीरावांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चे, 'गुलामगिरी' १८७३ चे. त्यांचे राहते घरही पुण्यातच, गंज पेठेत होते. परगावचे लोक प्रवासाचे कष्ट सोसून येत असता, त्यांना पायी चालत येणे सहज शक्य होते.

ते आले नाहीत. त्यांनी पत्र लिहिले.

हा नकार वैयक्तिक रुसव्याचा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांची पर्वा न करता रानडे व जोतीराव दोघेही तीत सामील झाले होते. परंतु पत्रात जोतीरावांनी मुद्द्याचीच गोष्ट मांडली. जे लोक इतरांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी कळविले. शेतात राबणाऱ्या, शिक्षणावाचून राहिलेल्या माणसाचे दुःख त्या काळच्या पुस्तकांत क्वचितच उतरत असे. ते दुःख ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला आपण सभेत जाऊन कोणाच्या शेजारी बसावे, हा प्रश्न पडला असेल तर नवल नाही. निमंत्रण देणाऱ्याचा हेतू चांगला होता. नाकारणाऱ्याचे कारणही खरे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मोठ्या माणसांनाही उमजण्यास वेळ लागतो.

पुढे तिसरी सभा १९०५ मध्ये साताऱ्यास झाली. १९०६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली आणि संमेलने वारंवार भरू लागली. अध्यक्षपदी स्त्री मात्र प्रथम आली ती १९६१ मध्ये, ग्वाल्हेरच्या संमेलनात. त्या कुसुमावती देशपांडे होत.

१८८५ च्या त्या सभेत झालेली भाषणे आज फारसे कोणी काढून वाचत नाही. न आलेल्या ग्रंथकाराचे पत्र मात्र त्याच वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात छापले गेले आणि ते अद्यापि वाचले जाते. पुढे १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन करण्यासाठी जो लेखक उभा राहिला, त्याला शाळेत बसण्याचे भाग्य जेमतेमच लाभले होते. त्याचे नाव अण्णा भाऊ साठे.