केसांच्या कडेला उरलेला हिरवा रंग

सहा महिन्यांच्या व्हिसावर एडिसनला येऊन गेलेल्या आजीचा एक फोटो इथल्या बऱ्याच मराठी घरांत असतो: रूझवेल्ट पार्क, बाक, मागे हिरवी झाडं. पुढे कधीतरी तोच फोटो हार घालायच्या फ्रेमसाठी लागतो, कारण त्यात ती मनापासून हसलेली असते. मग कुणीतरी फोनवर एका क्लिकमध्ये झाडं काढून टाकतं आणि मागे पांढरा रंग घालतं. घरातले बघतात आणि म्हणतात, "काहीतरी चुकलंय, आजीसारखी वाटत नाही." चेहऱ्याला तर कुणी हात लावलेला नसतो! बिघाड कडेला असतो. पिकलेले, विरळ केस हेल्मेटसारखे गुळगुळीत कापले गेलेले असतात, नाहीतर त्यांच्याभोवती हिरवट झाक राहिलेली असते.

थोडा हिशेब करू. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. समजा फोटो ३००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात ९० सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावलंय. म्हणजे एक पिक्सेल ०.३ मिलिमीटरचा. सुटा केस त्यातला जेमतेम पाव भाग व्यापतो, उरलेला पाऊण भाग झाडाचा. कॅमेरा मात्र प्रत्येक पिक्सेलला एकच रंग देतो. केसाचा रंग (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) २२०, २२०, २२० आणि झाडाचा ६०, १४०, ७० धरला, तर मिश्रण येतं सुमारे १००, १६०, १०८. हा ना केसाचा रंग, ना पानाचा. (फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे खरं उत्तर थोडं वेगळं येईल. मुद्दा तोच.)

या 'पाव' हिश्शाला अल्फा म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकात एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी दिलं. तेव्हा ते आपल्या जवळच, लाँग आयलंडवर, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. समीकरण सोपं आहे:

दिसणारा रंग = अल्फा × केसाचा रंग + (१ − अल्फा) × मागचा रंग

लाल, हिरवा, निळा मिळून अशी तीन समीकरणं होतात. अज्ञात किती? केसाच्या रंगाचे तीन आकडे, मागच्या रंगाचे तीन आणि अल्फा, म्हणजे सात. शाळेतल्या बीजगणिताला हे सुटणारं नाही, म्हणून प्रोग्रॅम अंदाज करतो. तोही बऱ्याचदा लहान केलेल्या चित्रावरून. अशा कामासाठी खूप वापरलं जाणारं यू-स्क्वेअर-नेट हे २०२० सालचं मॉडेल फोटो आधी ३२० × ३२० पिक्सेलचा करून घेतं. आपल्या उदाहरणात एक पिक्सेल जवळपास ३ मिलिमीटरचा झाला, म्हणजे चाळीस केसांच्या जाडीइतका! खांदा कुठे संपतो हे त्याला नीट कळतं. सुटा केस त्याने पाहिलेलाच नसतो.

म्हणून दुरुस्ती करताना मूळ फोटो हाताशी हवा. कापलेल्या चित्रावर खोडरबर चालवत बसू नका. गिंपसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये मूळ आणि कापलेला फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेवा (दोन्ही एकाच मापाचे हवेत, काही वेबसाइट फुकटात लहान चित्र देतात). कापलेल्या लेयरवरून सिलेक्शन घ्या आणि त्याचा मास्क मूळ लेयरला लावा. आता काहीच पुसलं जात नाही, फक्त झाकलं जातं. मऊ ब्रशने मास्कवर पांढरं फिरवलं की खरे केस परत येतात, काळं फिरवलं की झाकले जातात. खांदा, पदर यांच्या कडेला हिरवी रेघ दिसली तर तिथे मास्क एखादा पिक्सेल आत घ्या. केसांजवळ तसं करू नका, आणलेलं सगळं जाईल. तिथे वर एक नवा लेयर घ्या, त्याचा मोड 'कलर' ठेवा आणि डोक्याच्या मधल्या केसांचा रंग उचलून फक्त कडेला फिरवा. या मोडमध्ये उजळपणा मूळचाच राहतो आणि हिरवटपणा जातो.

सगळ्यात जास्त फरक मात्र नव्या बॅकग्राउंडच्या निवडीने पडतो, आणि तिथेच लोक घाई करतात. समीकरण पुन्हा बघा. नवा रंग जुन्या रंगाच्या जितका जवळ, तितकी अल्फातली चूक कमी दिसते. अगदी तोच रंग असेल तर चूक शून्य. पांढऱ्या केसांमागे पांढरा रंग घालणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे. झाडांइतकाच गडद, मळकट हिरवा-राखाडी रंग घालून बघा, अर्धी दुरुस्ती करावीच लागणार नाही. फाइल पीएनजी म्हणून ठेवा, जेपेगमध्ये पारदर्शकता राहत नाही.

हल्ली एआय केस नव्याने 'भरूनही' देतं. ते केस छान दिसतात, पण ते आजीचे नसतात. मूळ फोटोत जे आहे तेवढंच परत आणावं असं माझं मत. फ्रेमच्या बाबतीत हा आवडीचा प्रश्न आहे. पासपोर्टच्या बाबतीत नाही: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला अॅपने किंवा एआयने बदललेला फोटो चालत नाही, फक्त मागची भिंत पुसलेली असली तरीही. त्यासाठी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून नवा फोटोच काढावा लागतो.