डोंबिवली की बदलापूर?

प्रश्न : माझी नोकरी दादरला, पत्नीची ठाण्यात. बदलापूरला त्याच पैशांत एक खोली जास्त मिळते. घर कुठे घ्यावे?

उत्तर : मी डोंबिवली म्हणेन, घर लहान मिळाले तरी. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. पण खरा फरक अंतरात नाही, गाड्यांत आहे. कल्याणला कर्जत आणि कसारा असे दोन फाटे फुटतात, म्हणून पुढे गाड्या विरळ होतात. एक बदलापूर लोकल चुकली की पुढचीची वाट बघत ताटकळावे लागते. डोंबिवलीला कल्याणच्या, कर्जतच्या, कसाऱ्याच्या अशा जलद गाड्या थांबतात. गर्दी मात्र जीवघेणी असते, हे मनाशी धरूनच ठरवा.

स्टेशनपासून चालत जाता येईल असेच घर बघा. रिक्षाचे रोजचे भाडे दोघांचे मिळून महिन्याला चांगलाच खड्डा पाडते. ते हप्त्यातच धरा. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

तरीही बदलापूरच हवे असेल, तर आधी एक पावसाळा तिथे भाड्याने राहा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. नदीकाठची इमारत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.